टर्नपाइक रस्ते आणि मैलाचे दगड : अंतराच्या हिशेबाची कहाणी

यशाचा टप्पा सांगताना मराठीत आज सहजपणे ‘मैलाचा दगड’ असा शब्दप्रयोग केला जातो. मैल हे माप भारतात व्यवहारातून जाऊन अर्धशतक उलटले, रस्त्यांच्या कडेला किलोमीटरचे दगड आले, तरी भाषेत मैल टिकून आहे. या दगडाला त्याचे परिचित रूप आणि कायद्याचे अधिष्ठान प्रामुख्याने अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मिळाले. तेथील पथकराच्या रस्त्यांना ‘टर्नपाइक’ रस्ते म्हणत. प्रवाशाकडून पैसे घेऊन रस्ता राखणारी ही व्यवस्था आणि त्या रस्त्यावर किती अंतर कापले हे सांगणारा दगड या दोहोंचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. वाहनभाडे, टपालाचा दर आणि घोड्यांचे भाडे ही सारी गणिते अंतरावर आधारलेली असल्याने दगडावरील आकड्याला त्या काळी रोख पैशाचे मोल होते.

रोमन वारसा आणि मैलाची व्याख्या

ब्रिटनमधील पहिले मैलदर्शक दगड रोमन राजवटीतले. लॅटिनमध्ये ‘मिले पासुस’ म्हणजे एक हजार दुहेरी पावले. त्यावरूनच ‘मैल’ हा शब्द आला. हा रोमन मैल सुमारे १,४८० मीटरचा होता. सम्राट ऑगस्टसने इसवी सनपूर्व २० मध्ये रोम नगरीत ‘सुवर्ण मैलस्तंभ’ उभारला होता. साम्राज्याच्या दूरच्या प्रांतांतही गोल स्तंभाच्या आकाराचे दगड रोवले गेले. त्यांवर अंतरापेक्षा सम्राटाचे नाव आणि बिरुदेच ठळकपणे कोरलेली असत. हेड्रियनच्या तटबंदीजवळ विंडोलांडा येथे असा एक स्तंभ आजही आपल्या मूळ जागी उभा आहे.

रोमन सत्ता गेल्यानंतर रस्ते मोडकळीस आले आणि दगड रोवण्याची प्रथाही खंडित झाली. मैल हा शब्द राहिला, पण त्याची लांबी प्रदेशागणिक बदलू लागली. अखेर राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत १५९३ मध्ये झालेल्या एका कायद्याने मैल म्हणजे आठ फर्लांग, अर्थात १,७६० यार्ड किंवा ५,२८० फूट अशी व्याख्या केली. या कायद्याचा मूळ हेतू रस्त्यांशी संबंधित नव्हता. लंडनभोवतीच्या तीन मैलांच्या टापूत नवी घरे बांधण्यास आळा घालणे हा तो हेतू होता. तीन मैल म्हणजे नेमके किती हे ठरवण्याच्या ओघात मैलाची व्याख्या झाली. तरीही लोकव्यवहारात जुने, लांब मैल दीर्घकाळ चालूच राहिले. स्कॉटलंडचा मैल सुमारे १,९८४ यार्डांचा, तर आयर्लंडचा २,२४० यार्डांचा होता. म्हणजे अकरा आयरिश मैल चालणारा माणूस इंग्लंडच्या हिशेबाने चौदा मैल चालत असे.

मैल मोजण्याची साधनेही याच सुमारास सुधारली. एडमंड गुंटर या गणितज्ञाने १६२० मध्ये ६६ फूट लांबीची शंभर कड्यांची मोजणी साखळी प्रचारात आणली. अशा ८० साखळ्यांचा एक मैल होतो. महाराष्ट्रातील वाचकाला या साखळीची ओळख वेगळ्या वाटेने आहे. आपल्याकडील गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन. ही ३३ फुटांची बाजू गुंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी असून ४० गुंठ्यांचा एक एकर होतो.

पुढे १६७५ मध्ये जॉन ओगिल्बी याने ‘ब्रिटानिया’ हा इंग्लंड व वेल्समधील रस्त्यांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या मोजणीदारांनी हाताने ढकलायचे मापनचक्र घेऊन रस्ते मोजले होते. शंभर पृष्ठांवरील हे पट्टीवजा नकाशे एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणात काढलेले होते आणि त्यांत १,७६० यार्डांचाच मैल धरला होता. कायद्यातील मैल प्रवाशांपर्यंत पोहोचवण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे.

टर्नपाइक व्यवस्थेचा उदय

सोळाव्या शतकापासून इंग्लंडमध्ये रस्त्यांची दुरुस्ती ही त्या त्या पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावाची जबाबदारी होती. १५५५ च्या कायद्यानुसार प्रत्येक गावकऱ्याला वर्षातून चार दिवस रस्त्यावर विनामोबदला काम करावे लागे. १५६३ मध्ये हे दिवस सहा करण्यात आले. हे काम लोक अनिच्छेने करीत. शिवाय लंडनकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील गावांना परक्यांच्या जड गाड्यांनी पाडलेले खड्डे भरावे लागत, ही त्यांची रास्त तक्रार होती.

‘जो रस्ता वापरील, तो त्याचा खर्च उचलील’ हा उपाय त्यातून पुढे आला. १६६३ मध्ये संसदेने उत्तरेकडे जाणाऱ्या महामार्गाच्या हर्टफर्डशायर, केंब्रिजशायर व हंटिंग्डनशायर या परगण्यांतील भागावर पथकर घेण्यास मान्यता दिली. हर्टफर्डशायरमधील वेड्समिल येथे नाका उभा राहिला. नाक्यावर रस्ता अडवण्यासाठी आडवी दांडी असे. भाल्यासारखी टोके असलेल्या आणि फिरवून बाजूला करता येणाऱ्या या अडसरावरून ‘टर्नपाइक’ हे नाव पडले.

आरंभी हा कारभार स्थानिक न्यायाधीशांकडे होता. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून त्यासाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळे नेमली जाऊ लागली. प्रत्येक मंडळाला संसदेच्या स्वतंत्र कायद्याने बहुधा २१ वर्षांची मुदत मिळे. मंडळ भावी पथकर तारण ठेवून कर्ज काढी आणि त्या पैशातून रस्ता सुधारी. पुढे नाक्यांच्या वसुलीचा लिलाव करून मक्ता देण्याची पद्धत रूढ झाली. मक्तेदार ठरलेली रक्कम मंडळाला देई आणि वरची वसुली स्वतःकडे ठेवी. टपालाच्या गाड्या, लष्कर, रविवारी प्रार्थनेला जाणारे लोक आणि अंत्ययात्रा यांना करातून सूट असे. १८३० च्या दशकात, म्हणजे ही व्यवस्था ऐन भरात असताना, इंग्लंड व वेल्समध्ये एक हजाराहून अधिक मंडळे होती आणि वीस हजार मैलांहून अधिक लांबीचे रस्ते त्यांच्या ताब्यात होते.

केंब्रिजचे पाच दगड

रोमन काळानंतर इंग्लंडमध्ये पद्धतशीरपणे रोवलेल्या मैलाच्या दगडांचा आरंभ केंब्रिजजवळ झाल्याचे मानले जाते. विद्यापीठातील ट्रिनिटी हॉल या महाविद्यालयाला विल्यम माउस आणि रॉबर्ट हेअर यांनी मृत्युपत्राद्वारे निधी दिला होता. त्याच्या व्याजातून केंब्रिज परिसरातील रस्ते दुरुस्त करावेत, अशी अट होती. महाविद्यालयाचे एक अधिछात्र डॉ. विल्यम वॉरन यांनी या निधीतून ग्रेट सेंट मेरी चर्चपासून दक्षिणेकडे बार्कवे गावापर्यंतचा रस्ता मोजवून घेतला. पहिले पाच दगड २० ऑक्टोबर १७२५ रोजी रोवले गेले आणि पुढील दोन वर्षांत ही रांग सोळा मैलांपर्यंत पोहोचली. काही दगडांवर ट्रिनिटी हॉलचे चंद्रकोरीचे चिन्ह कोरलेले आहे. त्यांतील अनेक दगड आजही त्या रस्त्याच्या कडेला दिसतात.

याआधीही वाटसरूसाठी काही खुणा होत्या. १६९७ च्या कायद्याने न्यायाधीशांना चौरस्त्यांवर दिशादर्शक खांब लावण्याचा अधिकार दिला होता. डर्बीशायरच्या ओसाड माळरानावर १७०९ च्या सुमारास उभारलेले असे दगडी खांब अजून टिकून आहेत. त्यांवर जवळच्या बाजारपेठांची नावे स्थानिक उच्चाराप्रमाणे, आज चुकीच्या वाटणाऱ्या वर्णलेखनात कोरलेली आढळतात. हे खांब वाट दाखवीत. अंतराचा नियमित, मैलागणिक हिशेब मात्र केंब्रिजच्या दगडांनी सुरू केला.

सक्तीचा कायदा

१७४० च्या दशकापासून अनेक टर्नपाइक कायद्यांत मैलाचे दगड रोवण्याचे कलम येऊ लागले. १७६७ च्या सर्वसाधारण कायद्याने सर्वच टर्नपाइक रस्त्यांवर ते बंधनकारक झाले. दगड फोडणाऱ्याला किंवा त्यावरील अक्षरे खोडणाऱ्याला दंडाची तरतूदही करण्यात आली.

सक्तीमागे व्यावहारिक कारणे होती. भाड्याच्या घोड्यांवर प्रवास करणाऱ्याला मैलामागे पैसे मोजावे लागत आणि सराईत घोडे बदलताना मागील टप्प्याचे अंतर निर्विवाद असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे होते. सरकारही भाड्याच्या घोड्यांवर मैलाच्या हिशेबाने कर घेई. टपालाची गोष्ट तर याहून थेट होती. १८१२ च्या दरपत्रकानुसार एका कागदाच्या पत्राला १५ मैलांपर्यंत ४ पेन्स, ८० मैलांपर्यंत ८ पेन्स, तर ३०० मैलांपर्यंत १२ पेन्स पडत. पत्रात दोन कागद असल्यास दर दुप्पट होई आणि हे पैसे बहुधा पत्र स्वीकारणाऱ्याला द्यावे लागत. मजुराच्या घरी दूरवरच्या मुलाचे पत्र येणे हा आनंदाबरोबरच खर्चाचाही प्रसंग असे. टपाल खात्याने रस्त्यांची अंतरे तपासण्याचे काम जॉन कॅरी या नकाशाकाराकडे सोपवले आणि १७९८ मध्ये त्याची मार्गपुस्तिका प्रसिद्ध झाली, त्यामागेही हेच कारण होते.

वेळेचा हिशेबही दगडांवरच चाले. २ ऑगस्ट १७८४ रोजी जॉन पामर याच्या योजनेनुसार ब्रिस्टल ते लंडन अशी पहिली टपालगाडी धावली. पुढे या गाड्यांच्या रक्षकाकडे कुलूपबंद पेटीतील घड्याळ असे. पूर्व आणि पश्चिमेकडील गावांच्या स्थानिक वेळेत फरक पडत असल्याने प्रवासाच्या दिशेनुसार ते घड्याळ किंचित पुढे किंवा मागे पडेल असे लावले जाई. घड्याळ आणि दगड यांचा मेळ घालत गाडी वेळेवर आहे की नाही, हे रक्षक ठरवी.

लंडन म्हणजे नेमके कोठे?

अंतर मोजायचे तर आरंभबिंदू हवा. आज लंडनचे अंतर चेरिंग क्रॉसपासून मोजले जाते. टर्नपाइकच्या काळात मात्र प्रत्येक दिशेच्या रस्त्याचा आरंभबिंदू वेगळा होता. पश्चिमेकडील बाथ रस्त्याचे मैल हाइड पार्क कॉर्नरपासून, ईशान्येकडील काही रस्त्यांचे शोरडिच चर्चपासून, तर उत्तरेकडील अनेक रस्त्यांचे क्लार्कनवेल भागातील हिक्स हॉल या न्यायालयाच्या इमारतीपासून मोजले जात. ही इमारत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडली गेली, तरी ‘जेथे पूर्वी हिक्स हॉल होता’ तेथपासूनच अंतरे मोजण्याचा परिपाठ चालू राहिला. कॉर्नहिल येथील ‘स्टँडर्ड’ या जुन्या पाण्याच्या हौदाचेही तसेच झाले. हौद नाहीसा झाला, पण दगडांवर त्याचे नाव कायम राहिले.

ससेक्समध्ये लंडनच्या वाटेवरील बिडाच्या काही पट्ट्यांवर तर शहराचे नावच नाही. तेथे केवळ मैलांचा आकडा, पेलहॅम या स्थानिक उमराव घराण्याचे बक्कलचिन्ह आणि दोरीला लटकणाऱ्या घंटा कोरल्या आहेत. या घंटा म्हणजे लंडनच्या सेंट मेरी-ले-बो चर्चच्या प्रसिद्ध ‘बो’ घंटा. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही घंटा पाहून लंडनची वाट कळे.

दगडापासून बिडापर्यंत

सुरुवातीचे दगड स्थानिक खाणीतले आणि साध्या घडणीचे होते. त्यांची एकच बाजू सपाट करून रोमन किंवा अरबी अंकांत आकडा कोरलेला असे. गाड्यांचा वेग वाढला तशी धावत्या गाडीतून वाचता येईल अशा खुणेची गरज भासू लागली. मग दगड त्रिकोणी घडवले गेले, जेणेकरून दोन्ही दिशांनी येणाऱ्याला आपापली बाजू लांबूनच दिसावी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बिडाचे ओतीव खांब आणि पट्ट्या आल्या. त्यांवरील उठावदार अक्षरे पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या रंगाने रंगवली जात. प्रत्येक मंडळाची घडण वेगळी असल्याने आजही जाणकाराला दगडाच्या आकारावरून रस्ता कोणत्या मंडळाचा होता हे सांगता येते.

या कलेचा उत्तम नमुना थॉमस टेलफर्ड याच्या लंडन-होलीहेड रस्त्यावर दिसतो. आयर्लंडला जाणाऱ्या टपालासाठी १८१५ पासून हा मार्ग नव्याने बांधण्यात आला आणि १८२६ मध्ये मेनाई सामुद्रधुनीवरील झुलता पूल खुला झाला. रस्त्याचा चढ-उतार, भराव आणि संरक्षक भिंती यांच्याइतकेच लक्ष टेलफर्डने नाक्यांच्या फाटकांकडे आणि मैलाच्या दगडांकडे दिले. अँगलसी बेटावरील चुनखडकाच्या घडीव दगडांत त्याने बिडाच्या पट्ट्या बसवल्या. उत्तर वेल्समधील या दगडांचा मोठा भाग आजही जागेवर आहे.

नाक्यांविरुद्ध रोष

दगड सर्वांना उपयोगी होते, नाके मात्र गरिबाला जाचक ठरत. पश्चिम वेल्समधील शेतकऱ्यांना शेतात टाकायचा चुना आणण्यासाठी एकाच फेरीत अनेक नाके ओलांडावे लागत. १३ मे १८३९ च्या रात्री एफाइलवेन येथील नवा नाका जमावाने उद्ध्वस्त केला. त्यानंतर १८४३ पर्यंत स्त्रीवेषातील पुरुषांच्या टोळ्या रात्री नाके फोडीत राहिल्या. त्यांच्या म्होरक्याला ‘रिबेका’ हे बायबलमधील नाव होते. सरकारने बंदोबस्त केला, तसेच चौकशी आयोगही नेमला. १८४४ च्या कायद्याने दक्षिण वेल्समधील मंडळे एकत्र करून परगणानिहाय मंडळांकडे कारभार दिला आणि चुन्याच्या गाड्यांवरील कर कमी केला.

या व्यवस्थेचा खरा अंत मात्र रेल्वेने केला. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला आणि पुढील दोन दशकांत लांबच्या प्रवासाच्या घोडागाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या. उत्पन्न आटले, कर्ज तसेच राहिले. १० जानेवारी १८४० पासून देशभर एका पेनीत पत्र जाऊ लागल्याने टपालापुरते अंतराचे महत्त्वही संपले. एकामागून एक मंडळे बरखास्त झाली. १८८८ च्या कायद्यानंतर मुख्य रस्ते परगणा परिषदांकडे गेले. होलीहेड रस्त्याच्या अँगलसीतील भागावरील मंडळ सर्वांत शेवटी, १ नोव्हेंबर १८९५ रोजी बंद झाले.

युद्ध, वाहने आणि विस्मृती

मंडळे गेली तरी दगड उभे होते. त्यांच्यावर मोठा आघात १९४० मध्ये झाला. जर्मन आक्रमणाची भीती असताना शत्रूच्या सैनिकांना आपण कोठे आहोत हे कळू नये म्हणून दिशादर्शक फलक काढण्याचे आदेश निघाले. मैलाचे दगड कोठे पुरले गेले, कोठे त्यांवरील नावे छिन्नीने खरवडली गेली. युद्धानंतर बरेचसे पुन्हा बसवले गेले, तर कित्येक कायमचे हरवले. नंतरच्या काळात रस्ता रुंदीकरण, वाहनांच्या धडका, कुंपण छाटणारी यंत्रे आणि चोऱ्या यांनी त्यांची संख्या घटवली.

ब्रिटनमध्ये आज सुमारे नऊ हजार मैलदर्शक दगड व खांब शिल्लक असल्याचे मानले जाते. त्यांतील अनेकांना वारसावास्तूंच्या सूचीत स्थान मिळाले आहे. २००१ मध्ये स्थापन झालेली ‘माइलस्टोन सोसायटी’ ही संस्था त्यांची नोंद, रंगकाम आणि पुनःस्थापना यांसाठी काम करते.

भारतातील नाते

भारतात प्रवासाच्या अंतराची खूण याहून जुनी आहे. मोगल काळात प्रमुख राजमार्गांवर दर कोसावर उभारलेले विटांचे कोस मिनार हरियाणा, पंजाब, दिल्ली, उत्तर प्रदेश व राजस्थान येथे आजही दिसतात. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातही असा एक मिनार आहे.

ब्रिटिशांनी आपल्याबरोबर मैल आणला, तशीच पथकराची पद्धतही आणली. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोर घाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई-पुणे दळणवळणाचे चित्र पालटले. रस्ते व पुलांवरील कराविषयी १८५१ मध्ये भारतीय पथकर कायदा आणि १८७५ मध्ये मुंबई प्रांताचा स्वतंत्र कायदा झाला.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोवलेल्या मैलाच्या दगडांचा आरंभबिंदू फोर्टमधील सेंट थॉमस चर्च हा होता. ज्या चर्चमुळे ‘चर्चगेट’ हे नाव रूढ झाले, तेच हे चर्च. रोमन अंक कोरलेले यांतील काही दगड परळ-दादरसारख्या भागांत पदपथाच्या भरावात अर्धेअधिक गाडले गेले होते. अलीकडच्या वर्षांत ते मोकळे करून त्यांचे जतन करण्याचे काम महापालिकेच्या पुढाकाराने हाती घेण्यात आले.

भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली आणि पुढील दशकात रस्त्यांवर किलोमीटरचे दगड आले. ब्रिटनमध्ये रस्त्यांवरील फलक मात्र आजही मैलातच अंतर सांगतात. त्यामुळे केंब्रिज ते बार्कवे या वाटेवरील डॉ. वॉरन यांचे दगड तीनशे वर्षांनंतरही प्रवाशाला चालू मापात अंतर सांगत आहेत.